गैनूच्या गाडीचा काटा

गैनूला ऐकू येत नव्हतं, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. बरीच वर्षं ही गोष्ट त्याच्या घरच्यांना आणि मलाच माहीत होती. आता ती अख्ख्या पाथर्डी रोडला माहीत झाली आहे, तेव्हा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लोक त्याच्याबद्दल काय काय बोलतात ते कानावर येतं आणि माझं डोकं उठतं. म्हणून मीच लिहितो. माझं शिक्षण चौथी. चुकलं तर चुकलं.

नाव गहिनीनाथ. आमच्या बाजूला दर दोन घरांत एक गहिनीनाथ निघतो, पण नुसतं गैनू म्हणलं की लोक यालाच ओळखायचे. काटकुळा, मान जरा पुढे आलेली, सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. पाथर्डी-नगर काळी-पिवळी चालवायचा. सकाळी नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यांतली माणसं भरून न्यायची, संध्याकाळी परत आणायची, मधे बाजार आणि दवाखाना. ऊसतोडीच्या दिवसांत गावं मोकळी व्हायची, तेव्हाही त्याला उसंत नसायची. श्रीगोंद्याकडे तोडीवर गेलेल्या टोळीत कुणी आजारी पडलं, कुणी बाळंत व्हायला आली, की फोन गैनूला. "गाडी पाठवा" असं कुणी म्हणायचं नाही. "गैनूला पाठवा" म्हणायचे.

त्याला एक खोड होती. गाडी चालू असली की मागच्यांना गप करायचा. "गप बसा जरा, ती काय म्हणती ते ऐकू द्या." ती म्हणजे गाडी. बायका हसायच्या. एखादी म्हणायची, "घरच्या बायकूचं आसं ऐकतो का रं?" तर हा म्हणायचा, "घरची आसा खडखडाट करीत न्हाई."

कान मात्र खरेच तिखट होते. एकदा माझ्या गॅरेजला आला आणि म्हणला, "मिस्तरी, पुढच्या उजव्या चाकात काहीतरी बारीक बोलतंय." मी गाडी चालवून बघितली. काही नव्हतं. मी म्हणलं, "तुझ्या डोक्यात बोलतंय." तो उठेना. चहा पीत बसला, दुपार झाली तरी बसला. वैतागून मी चाक उतरवलं, बेअरिंग काढलं, धुतलं. एका गोळीला नखाएवढा खड्डा. गैनूने ती गोळी खिशात टाकली आणि महिनाभर प्रत्येकाला दाखवत फिरला. मी आजही म्हणतो तो योगायोग होता. पण त्यानंतर तो काही ऐकू येतंय म्हणला की मी मुकाट्याने पान्हा हातात घ्यायचो.

तेच कान गेले. डॉक्टरने सांगितलं, आवाजाने गेले. दुसरं काय असणार? जन्मभर डिझेलच्या इंजिनाशेजारी बसायचं, त्यात सायलेन्सर कुजलेला, खिडक्यांना काचा नाहीत. हळूहळू गेले, त्यामुळे त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याला वाटायचं, लोकच हळू बोलायला लागलेत.

कळलं ते तिसगावच्या एका बाईमुळे. तिला तिसगावला उतरायचं होतं. ती ओरडली, टपावर थापा मारल्या, शेवटी शेजारणीच्या पिशवीतली भाकरीची चवड त्याच्या पाठीत हाणली, तेव्हा गाडी थांबली. तोवर तिसगाव मागे राहिलं होतं. बाईने खाली उतरून त्याचा असा उद्धार केला की रस्त्यावरची माणसं थांबली. संध्याकाळी गैनू माझ्याकडे आला. तोंड उतरलेलं.

"मिस्तरी, तिचं तोंड हालत हुतं," तो म्हणला. "आवाजच न्हवता."

दुसऱ्या आठवड्यापासून त्याची बायको सुमन पुढच्या सीटवर दिसायला लागली.

सुमन म्हणजे ठेंगणी, काळीसावळी, तोंडाने फाटकी बाई. घरची चार शेरडं नणंदेकडे बांधून ती रोज गाडीवर यायला लागली. ती त्याच्या डाव्या अंगाला बसायची आणि हात त्याच्या मांडीवर ठेवायची. मागून हॉर्न वाजला की थाप. कुणाला उतरायचं असलं की चिमटा. भाड्यावरून कुणी भांडायला लागलं की तीच भांडायची, म्हणजे याला उत्तर द्यायची वेळ येऊ नये. लोकांना वाटलं नवऱ्यावर पहारा ठेवती. भर गाडीत नवऱ्याला चिमटे काढती, लाज न्हाई, असंही बोलायचे. कुणी टोमणा मारला की ती मागे वळायची. "व्हय, ठेवते पहारा. तुमच्यासारख्या देखण्या बाया गाडीत भरतो ना तो." गाडी हसायची. ज्यांना हसवलं त्यांना संशय येत नाही, हे तिला बरोबर माहीत होतं.

एका शिबिरात त्याला कानाचं मशीन मिळालं. दोन दिवस लावलं. मला म्हणला, "ह्यानं माणसं मोठी व्हत न्हाईत, इंजिन मोठं व्हतं. डोक्यात बसल्यावानी." ते मशीन सुमनने डब्यात घालून कोनाड्यात ठेवलं, लागलं तर असावं म्हणून.

गाडीच्या बाहेरचं सुमन सांगायची. आतलं कसं कळायचं? गिअर कधी बदलायचा, इंजिन ओढ खातंय की उगीच पळतंय, हे आपण सगळे कानाने ठरवतो. आपल्याला वाटतं आपण असंच गाडी चालवतो, पण कान काढून घेतले की कळतं. गैनूची त्या वेळची गाडी नव्या पद्धतीची होती, कॉम्प्युटरवाल्या इंजिनाची. तिच्या डॅशबोर्डवर स्पीडच्या काट्याशेजारी दुसरा काटा होता, इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा. शंभरात नव्वद ड्रायव्हर त्याकडे ढुंकून बघत नाहीत. गैनूने त्यालाच कान केलं. काटा दोन हजाराला आला की वरचा गिअर, खाली पडला की खालचा. बाहेर सुमन आणि आत काटा, अशी त्याची गाडी सुरळीत चालली होती. एवढ्या वर्षांत कुणाला ओरखडा नाही.

मग एका सकाळी सुमनच्या छातीत दुखायला लागलं.

मुलगा म्हणला ॲम्बुलन्स बोलवू. गैनू म्हणला, ती येईस्तोवर मी नगरला पोचतो. तिला पुढच्याच सीटवर बसवली, पोरगा आणि सून मागे. करंजी घाट चढेपर्यंत तिचा हात त्याच्या मांडीवर चालू होता. ट्रक आला, थाप. एसटी आली, थाप. दुखत होतं तरी सांगत होती. घाट संपला आणि पुढे थाप आली नाही. हात होता मांडीवर, तो उठला नाही. मागे सून "आई, आई" करून तिला हाका मारत होती, पोरगा रडत होता. ते त्याला कसं कळावं?

हे मला त्यानेच सांगितलं, तेराव्यानंतर, माझ्या गॅरेजच्या पायरीवर बसून. "भिंगारपोतर रस्ता कवाच मोकळा मिळत न्हाई, मिस्तरी. मी म्हणलं, आज देव पावला. एक गाडी न्हाई मागं. दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली आन् तिच्याकडं बघून हसलो मी."

 

लोक म्हणतात त्याने तेव्हाच गाडी सोडायला पाहिजे होती. त्याने सोडली नाही. मोटारसायकलचे जुने आरसे आणून गाडीला आत-बाहेर जागा मिळेल तिथे लावले. पोरं म्हणायची, गैनूनानाची गाडी म्हणजे सलून. डोळ्याने मागचं बघायचा, काट्याने आतलं. नागापूरची माणसं नेहमीची, त्यांचे थांबे ठरलेले, बोलायची गरज पडत नसे. अशी दोन वर्षं गेली.

इंजिन गेलं ते बहिरेपणानेच गेलं. कुठल्यातरी दगडाला तळ घासला, ऑइल गळून गेलं. ऑइल संपलं की इंजिन आधी ठोकायला लागतं. बहिऱ्यालाही ऐकू येईल असं ठोकतं. गैनूला नाही आलं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा कधीचा उडालेला. काटा बिचारा फेरे दाखवतो, दुखणं दाखवत नाही. गाडी चालता चालता जाम झाली आणि ट्रॅक्टरने ओढून माझ्या दारात आणली.

ते इंजिन दुरुस्त करणं त्याच्या आवाक्याबाहेर होतं. मी भंगारातून साध्या पंपाचं जुनं डिझेल इंजिन आणलं. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. डिझेल द्या, फिरेल. फौंडेशन, म्हणजे इंजिनाची बैठक, बदलावी लागली, गिअरबॉक्सला जोडायला प्लेट करावी लागली, पण बसवलं. पहिल्या झटक्यात चालू झालं. या वयात असं काम जिल्ह्यात दुसरा कोण करतो ते दाखवा.

गैनू आत बसला. रेस दिली आणि डॅशबोर्डकडे बघितलं. काटा शून्यावर मेलेला.

"काटा?" तो म्हणला.

मी खडूने बॉनेटवर लिहिलं. त्याच्याशी माझं बोलणं असंच चालायचं. "कॉम्प्युटर गेला. काटा गेला."

त्याने ते वाचलं, हाताने पुसून टाकलं आणि म्हणला, "मग हे इंजिन काढा."

मला राग आला. चार दिवस कंबर मोडून बसवलेलं इंजिन! मी हातवारे करून सांगितलं की चालवून तर बघ. तो गेला. मी दारात उभा राहून ऐकत होतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन किंचाळत होतं, किंचाळतच पुलापर्यंत गेलं, आणि तिथून एकदम वरचा गिअर टाकला तशी गाडी धक्के खाऊन बंद पडली. पुन्हा चालू, पुन्हा किंचाळणं. चहाच्या टपरीवरची माणसं हसत होती. "गैनूनाना इमान उडवतोय!" जुन्या गाडीची थरथर त्याच्या तळपायाला ओळखीची होती. या इंजिनाने सगळी गाडीच हादरायची, त्यातलं कुठलं हादरणं कशाचं हे कळायला मार्ग नव्हता.

परत आला तेव्हा घामाने भिजला होता. गाडीतून उतरला, माझ्या हत्यारांतला मोठा स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि त्याचं टोक चालू इंजिनाच्या हेडला टेकवलं. आम्ही मिस्तरी लोक असं करतो, मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकतो. त्याने मूठ कानाला लावली. मग दुसऱ्या कानाला. मग मूठ दातात घट्ट धरली, डोळे मिटले आणि तसाच वाकून उभा राहिला. लाळ गळत होती. बऱ्याच वेळाने सरळ झाला.

"दात हालत्यात," म्हणला. "बाकी काय न्हाई."

त्या दिवसापासून तो घरी गेला नाही. गाडीतच झोपायचा, हापशावर आंघोळ करायचा, आणि मी दुसऱ्या कुणाच्या गाडीला हात लावला की समोर येऊन उभा राहायचा. मी लिहिलं, "पोरगा कमावतो. घरी बस." तो म्हणला, "घरी बसून काय करू? घरात तर कुणीच बोलत न्हाई माझ्याशी. गाडीत निदान माणसं चढत्यात, उतरत्यात." दुसऱ्या दिवशी म्हणला, "नागापूरची माणसं दुसरी गाडी बघाया लागली. मिस्तरी, काहीतरी करा." तिसऱ्या दिवशी माझ्या पायाला हात लावायला वाकला. मी त्याला हाकलला.

मला कुणी पायाला हात लावावा म्हणून मी काम करत नाही. पण काटा चालू होत नाही हे मला पटत नव्हतं.

साधी गोष्ट होती. इंजिनाबरोबर अल्टरनेटर फिरतो, बॅटरी भरणारा. तो जितका जोरात फिरेल तितके त्यातून करंटचे ठोके निघतात. ते ठोके वायरीने काट्यापर्यंत नेले की काटा हलायला पाहिजे. काही अल्टरनेटरला मागे त्यासाठी वेगळा खिळा असतो. माझ्या भंगारातल्या अल्टरनेटरला नव्हता. मग मी तो खोलला, आतल्या गुंडाळीला वायर झाळली, बाहेर काढली आणि डॅशबोर्डला जोडली.

गाडी चालू केली. काटा सणकन उडाला आणि पार लाल पट्ट्यात जाऊन थरथरत उभा राहिला. इंजिन तर नुसतं गुरगुरत होतं. पण गैनूने काटा बघितला, चावी बंद केली आणि दार उघडून पळाला, थेट रस्त्यापलीकडे. त्याला वाटलं इंजिन फुटतंय. मी हसलो आणि मग हसू गेलं. काट्यावर त्याचा केवढा विश्वास होता!

अल्टरनेटरचे ठोके जास्त, मीटरला हवेत कमी. नगरहून एका रेडिओवाल्याकडून ठोके कमी करणारी डबी बनवून आणली. तिला एक बारीक स्क्रू, तो फिरवला की काटा वर-खाली. आता तो बरोबर कुठे लावायचा? मी म्हणलं, मी आहे की. जन्म गेला इंजिनं ऐकण्यात. रेस धरली, कानाने हजाराचा अंदाज घेतला आणि स्क्रू लावायला लागलो.

गैनूने माझा हात धरला.

"तुमच्या कानानं लावलेला काटा मला नको, मिस्तरी."

"का?" मी भुवया उडवल्या.

"कानाचा काय भरवसा?"

मला इतकी चीड आली की मी दोन दिवस त्याच्या गाडीकडे फिरकलो नाही. तो मात्र रोज इंजिन चालू करून समोर उकिडवा बसायचा आणि आत बघत राहायचा. पट्टा फिरवणारी पुढची पुली असते ना, ती बघत. जुळवताना मी त्या पुलीवर खडूची एक रेघ मारली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं होतं, म्हणून मी ट्यूब लावली. माझ्याकडे अजून जुनी चोकवाली ट्यूब आहे. माझा पोरगा म्हणतो एलईडी लावा. चालतंय ते मी बदलत नाही. ट्यूब लागली आणि गैनू ओरडला. तो ओरडला की शेजारचे लोक बाहेर यायचे, आपला आवाज केवढा आहे हे त्याला कळत नसे.

"मिस्तरी! रेघ उभी राहिली! चार झाल्या!"

मी वाकून बघितलं. इंजिन चालू, पुली गरगर फिरतीय, पण खडूच्या रेघा चार, चारी दिशांना, हळूहळू सरकतायत, जशा कुणी हाताने ढकलाव्यात. मी रेस थोडी वाढवली तशा त्या जागच्या जागी थांबल्या.

मला हे माहीत होतं. नागापूरला मी लेथवर होतो तेव्हा फोरमनने शिव्या घालून शिकवलेलं. ट्यूब आपल्याला सारखी पेटलेली दिसते, पण ती सेकंदाला शंभरदा लवते. तिच्या उजेडात लेथचं फिरतं तोंड, म्हणजे चक, कधी कधी थांबल्यासारखा दिसतो आणि माणूस बोटं घालतो. बोटं जायची ती भीती माझ्या ध्यानात होती, पण तिचा असा उपयोग ध्यानात आला नव्हता. मी बॉनेटवर लिहिलं, "लाईट १०० वेळा लवते." गैनूने खडू माझ्या हातातून घेतला. सातवी पास होता तो. एका फेऱ्यात उजेड चारदा पडतो म्हणून रेघा चार. म्हणजे सेकंदाला पंचवीस फेरे, मिनिटाला दीड हजार. तीन रेघा दिसल्या तर दोन हजार.

शटर खाली ओढलं, मागचं दार उघडं ठेवलं, तरी धुराने डोळे झोंबत होते. तो पुलीसमोर खोकत बसला, मी डबीपाशी. चार रेघा थांबल्या की तो हात वर करायचा, मी स्क्रू फिरवून काटा दीड हजारावर आणायचो. मग रेस वाढवून तीन रेघा. त्याने हात वर केला, मी डॅशबोर्डकडे बघितलं. काटा दोन हजारावर. बरोबर रेघेवर. मी काहीच केलं नव्हतं, तो आपोआप तिथे आला होता.

गैनू आत येऊन बसला. काट्याच्या काचेवर बोट ठेवलं, रेस दिली, सोडली, परत दिली. काटा चढत होता, उतरत होता. तो रडत होता की धुराने पाणी येत होतं, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाथर्डीच्या स्टँडसमोरून त्याने गाडी भरली. नगरच्या बाजाराला जाणाऱ्या बायका, दोन-तीन म्हातारी माणसं. मी पुढे बसलो. माझं काम कसं चालतंय ते मला बघायचं होतं.

गिअर सुरेख पडत होते. दोन हजार, वरचा. दोन हजार, वरचा. एकदाही इंजिन किंचाळलं नाही. मी खूश होतो. घाट लागेपर्यंत माझ्या हे लक्षात आलं नाही की गैनू रस्त्यापेक्षा काट्याकडे जास्त बघतोय. आधीच्या गाडीत तो काटा नुसत्या कडेच्या नजरेने बघायचा. आता तो मेला तर नाही ना, हे त्याला दर घटकेला बघावंसं वाटत होतं. आरशांकडे बघायला वेळच उरत नव्हता.

वळणाच्या आधीपासून मागे एसटी हॉर्न मारत होती. बाजू मागत होती. मी हाताने खुणावलं, त्याने बघितलं नाही. खिंडीजवळ एसटीने बाहेरून काढली आणि नेमका त्याच वेळी गैनूने खड्डा चुकवायला गाडी उजवीकडे घेतली. ब्रेकचा जो आवाज झाला तो अजून माझ्या अंगात आहे. बायका किंचाळल्या. एसटीचं नाक आमच्या दारापासून वीतभर लांब थांबलं. माझ्या तोंडापर्यंत तिच्या इंजिनाची धग आली.

एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला. "ए म्हाताऱ्या! कान फुटले का तुझे? कवाचा हॉर्न मारतोय!"

गैनूने त्याच्याकडे बघून हात वर केला, हसला. "जा, जा. दिली साईड."

ड्रायव्हर बघतच राहिला.  मागून एक बाई म्हणली, "आगं बया. ह्याला ऐकू येत न्हाई."

"खरंच की. मगाशी मी इचारलं नगरला किती वाजता पोचू, तर म्हणला यंदा ज्वारी चांगली हाय."

"बहिरा हाय गं, बहिरा! उतरा, उतरा खाली!"

त्या उतरायला लागल्या. घाटात, उन्हात, पिशव्या, गाठोडी, लेकरं घेऊन. गैनू आरशात बघत होता. आधी त्याला वाटलं असावं की धक्का मारायला उतरतायत. मग एक म्हातारी त्याच्या दाराशी आली. ती त्याची जुनी गिऱ्हाईक, तिच्या सुनेला याच गाडीतून बाळंतपणाला आणलेलं. ती अगदी हळू बोलली, ओठ वाचता येतील असं.

"गैनू, माझ्या राजा. माझी नातवंडं लहान हायेत रं."

आणि ती इतरांच्या मागे वर चालायला लागली.

गाडी रिकामी झाली. गैनू माझ्याकडे वळला.

"काटा बराबर हाय, मिस्तरी," तो म्हणला. "दोन हजाराला गिअर टाकला. एकदाबी चुकलो न्हाई. मग काहून उतरल्या?"

खडू जवळ नव्हता. मी माझ्या कानाला हात लावला.

 त्याने गाडी वळवली आणि आम्ही दोघे घाट उतरून परत आलो. मी उतरलो नाही. माझा पोरगा म्हणतो उतरायला पाहिजे होतं. ज्या गाडीचं काम मी केलं तिच्यातून मी उतरत नसतो.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे. नागापूरच्या माणसांनी दुसरी गाडी धरली. गैनूच्या घरचा फोन वाजायचा थांबला. माझ्याही दारात येऊन लोक सुनावून गेले, बहिऱ्याच्या हातात गाडी दिली म्हणून. मी सांगितलं, मी काटा बसवला. काटा खरं दाखवतो की नाही एवढं बोला. 

मागच्या महिन्यात त्याच्या गावावरून एसटी जात होती, मी उतरलो. घराजवळ जाताना लांबूनच इंजिन ऐकू आलं. घराच्या मागच्या अंगणात गाडी उभी होती. मागचा ॲक्सल दगडांवर चढवलेला, चाकं जमिनीपासून हातभर वर, आणि ती चाकं फिरत होती. गैनू आत बसला होता. समोर गोठ्याची भिंत.

सून धुणं वाळत घालत होती. मला बघून तिने डोक्यावरचा पदर सावरला.

"रोज आसंच आसतं, मामा. जेवलं की बसत्यात. डिझेल संपलं की उतरत्यात."

"काय करतो?"

"म्हणत्यात, नजर रस्त्यावर ठिवून काटा दिसला पायजे. ती सवय करायची हाय. सवय झाली की लोक परत बसतील." तिने ओला पिळा झटकला. "तुमी तरी सांगा त्यांना."

मी गाडीच्या अंगाला जाऊन उभा राहिलो. हाक मारून उपयोग नव्हता. तो भिंतीकडे बघत होता, मान ताठ, एकदाही खाली न बघता. मी कान दिला. पहिला, दुसरा, तिसरा. प्रत्येक गिअर जिथे पडायला पाहिजे तिथेच पडत होता. माझ्याकडून एवढं नेमकं झालं नसतं.

थोड्या वेळाने त्याने रेस सोडली. ब्रेक दाबला, चाकं थांबली, गिअर मोकळा केला. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला गाठोडं घेऊन खाली उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तो तसाच थांबला. मग क्लच दाबून त्याने पुन्हा पहिला टाकला.